पाठीमागचं मौन

“आवाज पोटातून काढ, बाळ. देवाला कुजबुजही कळते, मागच्या बाकाला कळत नाही.”

मामांचा हा आवाज अजून तिच्या कानात होता. तेव्हा ती एवढीशी होती. व्यासपीठाशी लाकडी खोकं ठेवून मामा तिला त्यावर उभं करायचे आणि स्वतः पार शेवटी जाऊन बसायचे. चर्चच्या मंडळीचे ते पाळक, म्हणजे धर्मगुरू. पण शास्त्रपाठ वाचायला, आजाऱ्याजवळ प्रार्थना करायला, मयताच्या घरी न बोलता बसायला त्यांनी तिला शिकवलं ते मामाच्या मायेनं.

आता त्याच मामा-भाचीत विस्तव जात नव्हता.

त्या मंडळीत नवा पाळक एका प्रश्नावर ठरायचा. उमेदवारानं व्यासपीठाकडे तोंड करून गुडघे टेकायचे, ज्यानं घडवलं त्यानं पाठीमागे उभं राहायचं, आणि ज्येष्ठ पंचांनी विचारायचं, “ही तयार आहे का?” ‘तयार आहे’ म्हटलं की झालं. ‘नाही’ म्हणायची रीत नव्हती. चारचौघांत अपमान नको म्हणून नुसतं गप्प राहायचं.

गेल्या वर्षी मामा गप्प राहिले. गुडघे बधिर होईस्तोवर ती तशीच होती. शेवटी कुणीतरी गीत धरलं आणि तिला उठावं लागलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात तिनं रोजच्यासारख्या रुग्णांच्या जखमा धुतल्या. स्वतःची तेवढी झाकून ठेवली.

मग वर्षभर ती जखम कुणी सुकू दिली नाही. तिनं प्रवचन केलं की मामा दारात उभं राहून लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “नर्सबाईंनी इंजेक्शन छान दिलं हं. कुणाला टोचलंसुद्धा नाही.” एकदा तिच्याही तोंडून निसटलं, “तुमच्या वेळी तर भूलच दिलेली असते.” लोक हसले. मामी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून रविवारचं एकत्र जेवण बंद झालं.

ज्येष्ठ पंच सुतारकाका. त्यांनी मामांना हळूच सुचवून पाहिलं, “साहेब, लाकूडसुद्धा इतकं वाळवत नाहीत. तडकतं.” मंडळी म्हणजे तुमचं कपाट नव्हे, एवढं ऐकून काका परतले.

पुन्हा तो रविवार आला. व्यासपीठामागच्या खोलीत मामा झग्याची बटणं लावत होते. ती दारातच थांबली. दुसऱ्या गावच्या इस्पितळात बदली मागितली आहे, ती मंजूरही झाली आहे, आज काय ते कळू दे, मग जाते किंवा राहते, असं तिनं सांगितलं. मामा आरशातूनच म्हणाले की धमक्या देणाऱ्यांच्या हाती मंडळी देत नसतात, आधी नम्रता शिकावी लागते.

“मी अजून किती नम्र झाले म्हणजे तुम्ही खाली उतराल?”

“तोंड सांभाळ. तुला अक्षर मी दिलं.”

“दिलंत. आणि आता परत मागताय.”

बाहेर उपासना सुरू झाली होती. दोघं दोन दारांनी आत गेली.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती पुढे गेली, गुडघे टेकले. पण व्यासपीठाकडे पाठ करून. तोंड मामांकडे. बाकांवरून कुजबुज उठली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. सुतारकाका गोंधळले, तिला वळायला सांगावं की नाही ते त्यांना कळेना. मग घसा साफ करून त्यांनी प्रश्न विचारला.

मामा उभे होते. पाठीकडे बघत गप्प राहणं सोपं होतं. या डोळ्यांसमोर ते जमेना. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, झग्याची बाही ओढली. गीत धरायला कुणीतरी श्वास घेतला, तेव्हा मामींनी हात वर करून त्याला थांबवलं. ती हलली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या, मायाही नव्हती.

“तयार आहे,” मामा म्हणाले. आवाज इतका बारीक की सुतारकाकांनी कान पुढे केला. मग मोठ्यानं, जवळजवळ रागानं, “गेल्या वर्षीही तयार होती. ही बोलायला लागली की तुम्ही सगळे पुढे सरकून बसता. माझ्या वेळी भिंतीला टेकता. मला वरून दिसतं ते. मला ते बघवलं नाही.”