राणीसाहेबांचं जेवण

मास्तरांनी गुडघे टेकून बशी कपाटाखाली सरकवली. आतले दोन पिवळे डोळे बशीकडे ढुंकूनही न बघता त्यांच्यावरच रोखलेले राहिले.

“खा की. का आमंत्रणपत्रिका छापू?”

राणीसाहेबांनी तोंड फिरवलं. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, आणि कौतुकानं मुळीच नव्हे. मांजरीला मधुमेह झाल्यापासून घरात तिचंच राज्य होतं. आधी तिनं पोटभर खायचं, मगच तिला इन्सुलिनची सुई. न खाता सुई गेली तर साखर एकदम उतरून जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात ही भित्री. खुर्ची सरकली तरी जेवण टाकून पळायची. म्हणून बायको उकडलेली कोंबडी बोटांनी बारीक करी, कोमट करी आणि जमिनीवर बसून “एवढा एकच, माझी शहाणी ती,” असं म्हणत भरवी.

हाच आजार मास्तरांनाही होता. त्यांचंही औषध त्याच फ्रीजमध्ये, त्याच कप्प्यात. पण त्यांना कोणी शहाणं म्हटलं नव्हतं. ते खोलीचं दार लावून स्वतःच टोचून घेत. सुरुवातीला बायको मदतीला आली होती, तेव्हा “जन्मभर कपडे शिवले, मला सुई शिकवतेस?” म्हणून त्यांनीच तिला हाकललं होतं. हे मात्र ते सोयीनं विसरले होते. मांजरीच्या पाठीवरून फिरणारा हात तेवढा त्यांना दिसे, आणि ते जळत. अगदी मनापासून जळत.

आज बायको आजारी भावाकडे मुक्कामाला गेली होती. निघताना सगळ्या सूचना मांजरीच्याच. शेवटी ती “आणि तुमचं—” म्हणाली, तोवर मास्तरांनी दार उघडून धरलं होतं.

संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी आपली सुई टोचून घेतली आणि कपाटापुढे बैठक मारली. आज हिला आपल्या हातून खायला लावायचंच. मग बायकोला सहज सांगायचं, खाल्लं बुवा तिनं, तुझ्यावाचून काही अडलं नाही.

त्यांनी चुचकारलं, मग दटावलं. बशी दोनदा गरम केली. कपाळावर घाम आला. बोटं थरथरायला लागली. ही मांजर रक्त आटवणार आपलं, असं त्यांच्या मनात आलं, तोच फोन वाजला.

“खात नाहीये तुझी राणी,” ते करवादले.

“तिचं राहू दे. तुम्ही जेवलात?”

“हिच्या नादात कुठलं जेवण!”

“सुई घेतलीत?”

“केव्हाच.”

पलीकडे बायकोचा आवाज एकदम चढला.

“अहो, सुई घेऊन उपाशी बसलात? घाम येतोय का? आधी साखर खा. डबा चहाच्या शेजारी आहे. फोन ठेवू नका.”

डब्याचं झाकण त्यांना धड उघडेना. साखर तोंडात गेली तितकीच शर्टावर सांडली.

“रोज खोलीतून बाहेर येतो तेव्हा ताट वाढलेलं असतं,” ते हळूच म्हणाले. “मला वाटायचं, तीच जेवायची वेळ.”

“फ्रीजचं दार वाजलं की मी वाढायला घेते. जिन्यात असले तरी कान तिकडे असतो माझा. ओट्यावर झाकून ठेवलंय बघा. ते घ्या. खाली बसून खा, पडाल नाहीतर.”

मास्तर कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि जेवू लागले. हाताची थरथर थांबत आली. मागे बशी हलल्याचा बारीक आवाज झाला.

“ती खातेय,” ते कुजबुजले.

“खाऊ दे. तिची सुई नंतर. तुम्ही नीट चावून खा. अजून एक घास घ्या. घेतलात?”

“घेतला.”

“अजून एक.”

मास्तरांचं पोट भरलं होतं. ताटात थोडंसंच उरलं होतं, सहज संपलं असतं.

“नको. आता जात नाही,” ते म्हणाले, आणि फोन कानाशी घट्ट धरून वाट बघत राहिले.