दाखवायचं ताट

११ डिसेंबर. सकाळी धुकं होतं, ते दहाच्या सुमाराला विरलं. दुपारभर वारा पाण्याकडून आत येत होता, त्यामुळे माझा वास सगळ्या टेबलांवरून फिरला. तरी कोणी काही बोललं नाही.

मी ताट बोलतोय. जेवणाचं नव्हे. धक्क्याला लागून असलेल्या या हॉटेलात मला सगळे 'दाखवायचं ताट' म्हणतात. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे दातांऐवजी ताटं आहेत, एवढाच काय तो फरक.

मी जाड पत्र्याचा. वरून पांढरा मुलामा, काठाला निळी रेघ. हे हॉटेल ज्यांनी काढलं त्या थोरल्यांनी मला हौसेनं आणलं. सकाळी होड्या लागल्या की ते स्वतः मासे निवडायचे, माझ्यावर मांडायचे आणि गिऱ्हाइकापुढे धरायचे. गिऱ्हाईक बोट दाखवील तो मासा थेट वहिनींच्या विळीवर जायचा. वहिनी म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघर त्यांचं. दुपार कलली की थोरले दारात उभे राहून सांगायचे, "मासा संपला, उद्या या." लोक कुरकुरायचे आणि दुसऱ्या दिवशी लवकर यायचे. मला राखेनं घासून उन्हात उपडं ठेवलं जायचं. त्या उन्हाची मला अजून आठवण येते.

थोरले गेले. पाटीवर त्यांचं नाव राहिलं आणि गल्ल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बसला. 'मासा संपला' हे दोन शब्द त्याच्या जिभेला जमेनात. त्यानं माणूसभर लांबीचा फ्रीझर आणला आणि त्यात कुठून कुठून आलेली, दगडासारखी थिजलेली मासळी भरली. बाहेर फळ्यावर मात्र लिहिलं, 'आमच्याच किनाऱ्याची, आजची ताजी मासळी'.

तेव्हापासून माझ्यावर एकच मोठा मासा असतो. तो सगळ्यांना दाखवायचा, वाहवा घ्यायची आणि बर्फात परत ठेवायचा. आत वहिनी फ्रीझरमधली लादी फोडतात. माझ्यावरचा मासा मऊ पडला, पोट खचलं, तरी त्याची सुटका नाही. धाकटा रोज सकाळी त्याच्या डोळ्यांना तेल लावतो आणि कल्ल्यांत कुंचल्यानं लाल रंग भरतो. वितळलेल्या बर्फाचं गुलाबी, बुळबुळीत पाणी माझ्या काठाशी साचतं. मला धुतही नाहीत. वरून फडकं फिरवतात, तेही टेबलं पुसायचंच.

"नवरीसुद्धा एवढी नटत नाही, भाऊजी," वहिनी एकदा म्हणाल्या.

"लोक आधी डोळ्यांनी जेवतात, वहिनी."

"मग डोळ्यांतच वाढा की. मी चूल कशाला पेटवू?"

बोलून त्या आत गेल्या आणि त्यांनी चूल पेटवली. पाटीवर नवऱ्याचं नाव होतं, ते सोडून जाणार कुठे? मी फक्त शिजवते, दाखवत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. मला तर तीही सोय नव्हती.

माणसांचीही मला शिसारी येते. माशाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन फोटो काढतात. बोटांनी दाबून बघतात आणि तीच बोटं चाटतात. महिनाभर थिजलेला तुकडा चघळत 'आहाहा, समुद्राची चव!' म्हणतात आणि काटे कागदी रुमालात थुंकतात.

आज दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका नवऱ्याबरोबर आल्या. वाढप्यानं मला पुढे धरलं. "आत्ताच होडीतून उतरलाय, बाई."

"मला शिकवू नका. कल्ला बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही." त्यांनी कल्ला उचलून दोन बोटं आत घातली. "लाल आहे. उत्तम." बोटांना लागलेला रंग त्यांनी न बघताच कागदाला पुसला. आत काहीतरी जड राहिल्याचं मला जाणवलं. पण ताटाला कोण विचारतं?

लसूण आणि लिंबात बुडवलेला मासा आला. "ताज्या माशाची चव लपत नाही," बाई नवऱ्याला म्हणाल्या. नवऱ्यानं तोंड भरलेलं असल्यानं मान हलवली. मग हात धुताना बाई एकदम थांबल्या.

"माझी अंगठी कुठंय?"

"घरून निघताना होती?" नवऱ्यानं विचारलं.

"सासूबाईंची अंगठी आहे. ती घरी ठेवून मी कुठे जाते? मासा बघताना बोटात होती. म्हणजे कल्ल्यात गेली असणार. तो मासा चिरला कोणी?"

धाकट्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्याच टेबलापाशी वाढप्याच्या हातात होतो. मग त्यानं तोंड आत वळवलं.

"वहिनी, मासा चिरताना अंगठी सापडली असेल तर देऊन टाका. कोणी काही म्हणणार नाही."

एवढ्या दिवसांत माझ्यावर पुष्कळ काही कुजलं. पण या वाक्यासारखा वास कशाला आला नव्हता.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. धाकटा दबक्या आवाजात म्हणाला, "पाटीवर दादाचं नाव आहे, वहिनी. नीट विचार करून बोला."

"नाव त्यांचं आहे म्हणूनच बोलते." त्या बाईंकडे वळल्या. "बाई, तुमचा मासा मी चिरलाच नाही. तो अजून टेबलाटेबलानं फिरतोय."

त्यांनी मला वाढप्याच्या हातातून घेतलं, बाईंसमोर ठेवलं आणि कल्ला उचलला. लाल रंगानं माखलेली अंगठी माझ्या पत्र्यावर टणकन पडली.

"मग मी खाल्लं काय?" बाईंच्या नवऱ्यानं विचारलं.

"बर्फ, लसूण आणि लिंबू," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी अंगठी हुंगली आणि बोटात न घालता कागदात गुंडाळली. पलीकडच्या टेबलावर कोणाचा तरी घास ताटात परत गेला. एकेक खुर्ची मागे सरकू लागली.

वाचकहो, मी ताट आहे. दाखवणं हे माझं कामच आहे. पण जे दाखवाल तेच वाढा. आणि मासा संपला असेल तर संपला म्हणून सांगा.

१२ डिसेंबर. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. धाकट्यानं टेम्पो बोलावून फ्रीझर नेला. वहिनींनी शिडी लावून पाटी उतरवली आणि विळी, कढई, पाटी व मला घरी आणलं. हॉटेलाला कुलूप आहे. मासा धक्क्याच्या कडेला टाकला होता. मांजर आलं, हुंगून निघून गेलं. मला दोनदा राखेनं घासून अंगणात, उन्हात उपडं ठेवलं आहे.