डोंगराची ओटी

प्रितेशदादाने तिकिटं पाठवली तेव्हा बाबा ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आनायला जात असाल तं जा. बघायला नको."

दादा जहाजावर फिटर. दोन वर्षांपूर्वी त्याचं जहाज बिघडून ताउरो नावाच्या बेटाला अडकलं. जहाज दुरुस्त होऊन गेलं, हा तिथेच राहिला. मधोमध धुमसता डोंगर, पायथ्याला झावळ्यांनी शाकारलेल्या घरांची गावं, आणि त्यातल्या एका गावात लेयानी नावाची मुलगी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो म्हणे. इकडे कामणच्या अलीकडे, खाडीला लागून आमची भातशेती. खारं पाणी अडवणारा बांध दर वर्षी कुठे ना कुठे फुटतो. बाबांचा गुडघा गेलेला. मग चिखल टाकायला कोण, तर बँकेत नोकरी करणारी मी, जागृती. मला भाऊ परत हवा होता. उगाच आव कशाला आणू?

आईने पोरगा आणायची तयारी तिच्या पद्धतीने केली. परक्या गावाला गेलं की तिथल्या देवीची ओटी भरायची, ही आमची रीत.

"त्या बेटावर देवी कोनती?"

"देवी नाही, ज्वालामुखी आहे," मी म्हटलं.

"मंग त्या डोंगराचीच भरीन. सांगीन, माझा पोरगा मना दे."

घरचे तांदूळ, हिरवा खण, सुपारी, हळदकुंकू, सगळं गाठोड्यात गेलं. नारळ तेवढा तिकडच्या विमानतळावर काढून घेतला. "घे बाबा," आई त्या अधिकाऱ्याला चक्क मराठीत म्हणाली, "बेटावर नारळाला काय तोटा?"

होडीतून उतरलो तर अंगणं लख्ख झाडलेली, डुकरं मोकळी, आणि अळूची पानं आमच्या सुपांपेक्षा मोठी. आई त्या अळूपाशीच थबकली. पानांवर राख होती. बोटाने पुसून म्हणाली, "आपल्या वीटभट्टीवर असते तशीच." तेवढ्यात डोंगर गरजला, पायाखालची जमीन हलली, मी आईचा दंड पकडला. गावातल्या एकानेही मान वर केली नाही.

मग लेयानी समोर आली. तिला सातवा लागला होता. दादाने फोनवर यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

"कधी सांगणार होतास? बारशाला?" मी विचारलं. तो आमच्या पिशव्या उचलून पुढे चालायला लागला.

आई त्या मुलीकडे बघेना. तिचा उल्लेख 'ती बाई' असा करायची. डोंगराकडे जायचंच म्हणून मात्र हटून बसली. लेयानीच्या आजोबांनी नाही म्हटलं, आणि त्यांचं बोलणं दादाने आम्हाला सांगितलं. डोंगर सध्या तापलेला आहे, वर कुणी जात नाही. आणि डोंगराकडे मागायचं नसतं. जे द्यायचं ते देऊन परत यायचं.

"मागायचं नाय तं देव कसला?" आई चिडली. पण गाठोडं तसंच राहिलं.

मी दादाला एकट्याला गाठलं. "बाबांना उभं राहवत नाही. आजूबाजूच्या शेतांत भराव घालून गोदामं झाली. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं. पण हिला या डोंगराखाली टाकून येऊ? आणि बरोबर आणली तर बाबा उंबरा ओलांडू देतील?" तो हाताचं ग्रीस चिंधीला पुसत राहिला. मग म्हणाला, "आईने चल म्हटलं तर येईन. तिचा शब्द मोडायची हिंमत नाही माझ्यात."

आई तो शब्द निघायच्या दिवशी टाकणार होती. तसं तिने मला सांगितलं होतं. होडी लागली. लेयानी आमच्या झोपडीत आली, स्वतः विणलेली चटई आईच्या मांडीवर ठेवली आणि जायला वळली. दाराशी थांबून तिने दुखऱ्या कमरेवर हात ठेवला.

"थांब गो," आई एकदम म्हणाली. "पोटुशी बाई अशी रिकाम्या ओटीने जाते का कुठं?"

गाठोडं सुटलं. कुंकू लागलं. लेयानीच्या ओच्यात तांदूळ पडले, सुपारी, खण आणि तिच्याच अंगणातला नारळ. आईचे हात जन्माच्या सवयीने चालत होते, डोकं मागून आलं. आमच्याकडे पोटुशीची पहिली ओटी सासू भरते, आणि भरलेली ओटी कुणी परत मागत नाही. आईला ते उमजलं तेव्हा तिने रिकामं फडकं घडी घालून बाजूला ठेवलं. दादा हमसून रडत होता. 'चल' हा शब्द तिच्या तोंडून निघालाच नाही. मला इतका संताप आला की होडीत मी तिच्याकडे पाठ करून बसले.

मागून तिचा आवाज आला, "डोंगराचं होतं ते, जागू. त्याच्या तोंडचं काढून मी तिला दिलं."

घरी बाबांनी विचारलं, "आनला?"

"नाय. सुनेची ओटी भरून आले."

बाबा उठले आणि लंगडत बांधावर गेले. त्यानंतर घरात दादाचं नाव निघालं नाही.

पाऊस सरता सरता दादाचा मेसेज आला. डोंगर फुटलाय, गाव होड्यांनी पलीकडच्या बेटावर हलवतायत, लेयानीला कळा सुरू झाल्यात. पुढे फोन बंद.

आईचं जेवण सुटलं. "माझ्यामुलं झालं," एवढंच म्हणायची. ज्वालामुखी काय कुणाच्या ओटीवाचून फुटतो का, असं मी तिला समजावत होते, आणि माझं मलाच पटत नव्हतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मी सारखा फोन बघत होते.

रविवारी बाबांनी परसातल्या माडाचा नारळ उतरवून घेतला, स्वतः सोलला आणि आईसमोर ठेवला. "चल. समुद्र तं सगलीकडं एकच."

राजोडीच्या किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. भेळवाले, क्रिकेट, पाण्यात किंचाळणारी पोरं. त्यांच्यामधून वाट काढत आई गुडघाभर पाण्यात गेली. तांदूळ सोडले, खण सोडला, नारळ सोडला. एक जण मोबाइलवर शूटिंग करायला लागला, त्याला मी असा झापला की तो पळालाच.

आईने समुद्राला हात जोडले.

"बाय, मना काय नको. त्या दोघांना तिथंच ठेव, पन ठेव."

बाबा तिच्या मागेच उभे होते, पँट वर दुमडून, दुखरा गुडघा पाण्यात.

"तिघांना म्हन, कमळे," ते म्हणाले.

आईने पुन्हा हात जोडले आणि पहिल्यापासून म्हणायला लागली.