मोडक्या तीन कामट्या

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. बुरुडाने बांबूच्या कामट्यांनी मला विणले, ते तितर ठेवण्यासाठी. लोक मला कोंडणारा म्हणतात. पण मी तरी कुठे मोकळा होतो? माझा जन्म खुंटीला लटकून गेला.

शाहू छत्रपतींच्या राज्यात माझे मालक मीरासाब कोल्हापूरच्या शिकारखान्यात ससाणे सांभाळत. एका हिवाळ्यात दाजीपूरच्या रानात मध काढणारा पिराजी त्यांच्याकडे धावत आला.

"चाचा, काळा सुतार! वठलेल्या झाडात ढोली कोरतुय!"

मीरासाबांनी हा दुर्मिळ सुतारपक्षी उभ्या आयुष्यात दोनदाच पाहिला होता. महिनाभर दोघे झुडपाआड बसून राहिले. ढोलीतून लाकडाचा भुसा पडायचा थांबला, तेव्हा अंडी घातली असावीत, हे त्यांनी ताडले. आनंदाच्या भरात मीरासाब शहरात बोलून बसले आणि वरून हुकूम आला, पाहुण्या साहेबाला पक्षी धरून आणून दाखवा.

"अंडी हाईत की, चाचा!" पिराजी कळवळला.

"नर धरतो रं. नर कुठं अंड्यावर बसतोय? ससाण्यांत मादीच बसती."

सकाळी नर जाळ्यात सापडला. कावळ्याहून मोठा, लाल गालाचा; मादीचा गाल काळा असतो. रानातल्या झोपडीत त्याला माझ्यात कोंडले, आणि दिवसभर तो माझ्यावर चोच आपटत राहिला. प्रत्येक घाव माझ्या अंगात घुमत होता. मला त्याला सोडायचे होते, पण माझे दार बाहेरून तारेने आवळलेले होते. मी काय करणार?

दिवस कलला. झाडाकडून पिराजी धापा टाकत आला. "चाचा, मादी भाईर आली, हाका मारल्या नि दुसऱ्या झाडावर निजाय गेली. आत कुणीच न्हाय! रोज सांजंला लाल गालाचाच आत जायचा. मला वाटायचं, राखण करतोय. रातभर अंडी त्योच उबवतोय!"

मीरासाबांचा चेहरा उतरला. बाहेर गारठा पडू लागला होता.

"साहेबाला काय सांगणार?" पिराजीने विचारले.

"मी खुळा हाय, असं सांगतो."

घाईत मीरासाबांना तारेची गाठ सुटेना. तेव्हा त्यांनी चोचीने खिळखिळ्या झालेल्या माझ्या तीन कामट्या काडकन मोडल्या. पक्षी उडाला. अंधार पडायच्या आत तो ढोलीत शिरलेला पिराजीने पाहिला.

मीरासाबांनी बोलणी खाल्ली. पुढे ढोलीतून दोन कोवळ्या चोची डोकावल्या, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, जुन्या वस्तू दुरुस्त करून जपाव्यात, असे तुम्हाला शिकवतात. ते खरेच आहे. पण माझ्यावर माया असेल, तर मला तेवढे दुरुस्त करू नका.