कारवारची सहल

चित्र वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होतं. काश्मीर आलं, राजस्थान आलं आणि गुजरातपाशी फोनची लाइन तुटली. दहावीचा अख्खा वर्ग हळहळला. उत्तराबाईंनी पुन्हा नंबर जोडला. धारवाडच्या त्या शाळेत इंटरनेट येऊन तीनच महिने झाले होते, पण भूगोलाच्या तासाला उपग्रहाने टिपलेले ढग बघायचा मुलांना नादच लागला होता. त्यात उद्या पहाटे सहल निघायची होती, कारवारला. तिथे होडीतून समुद्रात फेरी.

तिसऱ्या खेपेला समुद्र आला. लक्षद्वीपच्या वर पांढराशुभ्र भोवरा.

"बाई, काल हा खाली होता," सायली म्हणाली. ती रोजचं चित्र वहीत काढायची. तिने कालचं पान पुढे धरलं. बाईंनी ते पडद्यावरच्या चित्राशेजारी धरलं. असाच वर सरकला, तर उद्या कारवारसमोर!

मुख्याध्यापक बाळाचार्य सर खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाले, "येन री, काय हो बाई, एक ढग नाही. रेडिओवर वादळ लांब आहे म्हणतात. तरी सहल तुमची, तुम्हीच ठरवा."

बाई अंगणात गेल्या, आत आल्या. पुन्हा चित्र उघडलं, तर तेच, सकाळचं. आता भोवरा कुठे असेल? त्यांचा पाय एका जागी ठरेना. शेवटी चारच्या सुमारास त्यांनी सहल रद्द केली.

"मी वही दाखवायलाच नको होती," सायली रडवेली होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बाई चहा तसाच टाकून तासभर आधी शाळेत पोचल्या. भोवरा वळून ओमानच्या दिशेने निघाला होता. संगणक बंद ठेवला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्यांनी वर्गासमोर तेच चित्र लावलं.

"म्हणजे गेलो असतो तरी चाललं असतं," श्रीहर्ष पुटपुटला.

"हो. पण काल मला हे ठाऊक नव्हतं."

मग पूर्वपरीक्षा आली. सहल राहिली ती राहिलीच. सायली बाईंशी कामापुरतंच बोलायची. मार्चमध्ये निरोपाच्या दिवशी मात्र ती नमस्काराला वाकली आणि म्हणाली, "बाई, परत तसंच चित्र आलं तर सहल थांबवाल?"

"थांबवीन."

"तुमच्या जागी मी असते, तर गेले असते," सायली म्हणाली आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसली.