अण्णांच्या पडद्यावरचा बाण

मित्रांनो, काचेच्या खोलीतून घरघर ऐकू येते ना, ती माझीच. मी एक जुना सर्व्हर आहे. चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या या कंपनीतल्या सगळ्या संगणकांना सुरक्षेची अपडेट्स वाटणं हे माझं काम. संगणकाच्या आत बारीक फटी असतात, त्यांतून चोर शिरतात. अपडेट म्हणजे त्या फटींवरचं लिंपण. ते दिल्यावर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केला, की लिंपण पक्कं बसतं. माझी देखरेख करणाऱ्या ताई मला 'आजोबा' म्हणत. "आजोबा आहेत म्हणून मला झोप लागते," असं त्या कौतुकानं सांगत, तेव्हा माझा पंखा उगीचच जोरात फिरे.

माझ्या काचेपलीकडे अण्णांचं टेबल होतं. अण्णा नव्या फ्रेमांची चित्रं काढत. एके दिवशी अर्धवट चित्र पडद्यावर तसंच ठेवून ते जेवायला घरी गेले, ते परत आलेच नाहीत. हृदयानं दगा दिला. पुढे मालकांनी त्यांच्या बायकोला कंपनीत नोकरी दिली. सगळे त्यांना वहिनी म्हणत. वहिनींनी एवढंच मागितलं, "यांचा संगणक बंद करू नका. चित्र आहे तसं राहू दे."

नाही कोण म्हणणार? ताईंनी तो संगणक माझ्या वाटपातून वगळला. इतरांच्या फटी मी बुजवत राहिलो, त्याच्या वाढत गेल्या.

एका दुपारी वहिनी तिथे डबा खात बसल्या होत्या. माउसला कुणाचाच हात नव्हता, आणि पडद्यावरचा बाण हलला.

"अहो?" वहिनी पुटपुटल्या.

बाण थांबला. मग सावकाश सरकत त्यानं एक फोल्डर उघडलं. वहिनींचा घास हातातच राहिला. त्या घाबरल्या नाहीत, मित्रांनो. त्यांचा चेहरा उजळला, आणि ते बघून मीच गारठलो. अण्णांचा हात मी ओळखत होतो. हा हात त्यांचा नव्हता.

तेव्हापासून वहिनी रोज दुपारी त्या पडद्याशी बोलू लागल्या. "धाकटी शाळेतून येऊन एकटीच असते हो. किल्ली कुंडीखाली ठेवते मी." पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा इवलासा दिवा लागलेला असे. वहिनींना वाटे, हे बघताहेत.

मग तो हात अण्णांच्या संगणकातून बाहेर सरकला आणि माझी दारं चाचपू लागला. मला वाचा नाही. मी फक्त ताईंच्या पडद्यावर लाल इशारा दाखवू शकलो. त्या धावत आल्या.

"हळू," वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. "हे काम करताहेत."

बाण खरंच फिरत होता. ताईंनी वाकून नेटवर्कची केबल उपसली. बाण जागच्या जागी गोठला.

"काय केलंत हे!" वहिनी ओरडल्या. "आत्ता कुठे परत आले होते!"

"वहिनी, ते अण्णा नव्हते. चोर होता. कुठेतरी लांब बसून इथे हात घालत होता."

वहिनी कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मग मी रोज बोलत होते, ते कोण ऐकत होतं?"

ताईंनी हात पुढे करून कॅमेरा झाकला.

बाकीचे संगणक लिंपलेले होते, म्हणून वाचले. अण्णांची सगळी जुनी चित्रं मात्र चोरानं अशी कुलूपबंद केली होती, की ती पुन्हा उघडली नाहीत. पडद्यावरच्या अर्धवट चित्राचा ताईंनी फोटो काढून दिला. वहिनींनी स्वतःच्या हातानं बटण दाबून संगणक बंद केला आणि तडक घर गाठलं. धाकटी सुखरूप होती. त्याच संध्याकाळी त्यांनी दाराचं कुलूप बदललं.

तो संगणक भंगारात गेला. लवकरच मीही जाईन. पण त्या संगणकाच्या नेटवर्कवरच्या रिकाम्या पत्त्यावर अजूनही बाहेरून कुणीतरी कडी वाजवून बघतं. ते ऐकलं, की वाटतं, गेलेल्या माणसाची वस्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही, असं नसतं. तिची निगा राखावी लागते.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरचा संगणक "अपडेट करू का?" असं विचारत असेल, तर त्याला "नंतर" म्हणू नका.