अबोलीचा वळेसार

भार्गवीने केळीच्या सोपटाच्या धाग्याचं एक टोक धाकट्या गौरजाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं आपल्या हातात ताणून धरलं.

"हलू नको गो, सुटतलो."

गौरजा दोन-दोन अबोलीची फुलं पुढे करी, भार्गवी ती धाग्यात गुंफी. एकीचा हात न बघता पुढे येई, दुसरी न बघता फुलं घेई.

भगवतीदेवीला वळेसार, म्हणजे गजरा, हवा, हे उशीर करायचं निमित्त घरातल्या आजीने, सुभद्राबाईंनीच काढलं होतं. अंगणात गाडी उभी होती. बालकल्याण समितीच्या मॅडम ओटीवर चहा घेत होत्या. आईबाप गेलेल्या या बहिणींपैकी भार्गवी इथे, सुभद्राबाईंच्या मुला-सुनेकडे राहणार होती; गौरजाला फोंडाघाटच्या एका घरी सोडायचं होतं. "माका एकच झेपतली," सून समीक्षाने आधीच सांगून टाकलं होतं. राबणार ती. सुभद्राबाईंनी काय बोलावं?

सुभद्राबाईंची स्वतःची आई गेली तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीला, यशोदेला, मामा असाच घेऊन गेला होता, थोड्या दिवसांसाठी म्हणून. ती भेटली ती एकदम सुभद्राबाईंच्या लग्नात.

"तुमी बऱ्या आसात मां?" तिने विचारलं होतं. पाहुण्यांना विचारतात तसं.

"चल गौरजा, उशीर होतोय," मॅडम उठल्या.

वळेसार वीतभरच झाला होता. गौरजाने पाय तसाच ठेवला.

"मी गेलंय तर तुका फुलां कोण देतलो?"

भार्गवी अंगठ्याचा धागा सोडू लागली. ओली गाठ तिच्या नखांना सुटेना.

"आजी, सुरी दी."

सुरी हाताशीच होती. सुभद्राबाई बसून राहिल्या. आत समीक्षाच्या भांड्यांचा आवाज मघापासून थांबला होता.

समीक्षा मागीलदाराने आली. हातात सूपभर अबोली, पदराला पानं चिकटलेली. गौरजाच्या शेजारी तिने जमिनीवरच बसकण मारली.

"कापतंस कित्याक गो? देवीक इतकोसोच घालतलंस?"

मग सुपातली फुलं निवडत, मान वर न करता ती म्हणाली, "मॅडम, समितीला फोन लावून विचारा ना. तोवर हिची पिशवी गाडीतून उतरवायला सांगा."

"पण तुम्हीच म्हणाला होतात—"

"म्हटलं होतं."

पिशवी आणायला सुभद्राबाई स्वतःच अंगणात उतरल्या. गौरजा मात्र अंगठा ताठ धरून, जराही न हलता बसली होती.